मधाची बाटली कोणी उघडली

घटना कधी व कोठे घडली? (एका ओळीत लिहावे)

सोमवारी सकाळी आठ वाजता, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर.

चूक-नोंदीच्या फॉर्मवर एवढं लिहून बाईंनी पेन खाली ठेवलं, लगेच परत उचललं आणि लिहिलेलं खोडून टाकलं. प्रयोगशाळेतली चूक स्वयंपाकघरात घडली असं लिहिलं तर साहेब फॉर्म तोंडावर परत करतील. पण घडली होती ती तिथेच. तेव्हा फॉर्मच्या ओळीत जे मावणार नाही ते आपण इथे सांगू.

त्या आठवड्यात घरात सगळ्यांचे डोळे आले होते. आधी नवऱ्याचे, मग सासऱ्यांचे, मग सासूबाईंचे आणि सर्वात शेवटी, सगळ्यांची सेवा करून झाल्यावर, बाईंचे. डॉक्टरांनी थेंबांची एक बाटली दिली. ती सासूबाईंनी ताब्यात घेतली ती कायमचीच. रोज सकाळी आठला स्वयंपाकघरात तीन खुर्च्या ओळीने लागत आणि "माना वर!" असा हुकूम सुटे.

"आई, दोनच थेंब हं," सोमवारी बाई म्हणाल्या.

"गप बस. डोळा मिटलास तर तिसरा घालीन."

बाईंनी आधी बाटली मागून घेतली आणि तिच्यावरचं लेबल वाचलं. लेबल वाचल्याशिवाय त्या खोबरेल तेलसुद्धा डोक्याला लावत नसत. औषधाचं नाव साधं होतं, निरुपद्रवी होतं. त्यांनी मान वर केली. थेंब पडले आणि बाई खुर्चीतून वीतभर उडाल्या.

"आई गं! काल नव्हतं एवढं झोंबलं!"

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय," सासूबाई म्हणाल्या. "चला, पुढचा."

नमुन्याचे वर्णन

मध. काचेची बाटली. बाटलीवर नाव नाही, गाव नाही, फक्त आकडा. प्रयोगशाळेत येणारं दूध, अंडी, मांस, मध असं सगळं आकडा लावूनच आत येतं, म्हणजे तपासणाऱ्याला कोणाचं काय आहे ते कळू नये. प्रत्येक मालाच्या तीन बाटल्या घेतात. एक तपासायची, दोन सील करून कपाटात ठेवायच्या.

बाईंचं काम म्हणजे या खाण्यात जनावरांना दिलेल्या औषधाचा अंश उरलाय का ते शोधणं. काही औषधांचा थोडा अंश चालतो. काहींचा मुळीच चालत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल हे त्या दुसऱ्या जातीतलं. खाण्याच्या जनावरांना ते द्यायला साफ बंदी, मग ती गाय असो, कोंबडी असो नाहीतर मधमाशी. बाईंचं मशीन ते अब्जात एक भाग असलं तरी पकडायचं. म्हणून प्रयोगशाळेत त्यांना 'अब्जबाई' म्हणत. अब्जात एक म्हणजे किती, असं कोणी विचारलं की बाई हमखास सांगायच्या, "बत्तीस वर्षांतला एक सेकंद." कोणी विचारलं नाही तरी सांगायच्या.

बावीस वर्षांत बाईंचा एकही रिपोर्ट चुकला नव्हता. हेही त्या सांगायच्या.

सोमवारी नऊ नमुने होते. आठ बाटल्या सुतासारख्या उघडल्या. नववी उघडेना. बाईंनी ती फडक्यात धरली, पोटाशी दाबली, श्वास रोखला.

"कोणी लावलंय हे झाकण? पैलवानाने?"

पलीकडच्या टेबलावरचे मास्तर हसले. मास्तर पूर्वी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, म्हणून मास्तर. "द्या इकडे," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

शेवटी झाकण करकरलं आणि फिरलं. या कुस्तीत बाईंना घाम फुटला होता, डोळ्यांवरच्या गॉगलवर वाफ धरली होती आणि आलेले डोळे वाहायला लागले होते. त्यांनी गॉगल वर सरकवला, बोटाने डोळा टिपला, गॉगल खाली केला, बाटलीच्या काठावर ओघळलेला मध त्याच बोटाने निपटून आत ढकलला, झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि त्या कामाला लागल्या. हातात मोजे होते. बावीस वर्षं हातात मोजे होते. मोज्यांवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

आढळलेला दोष

आठ नमुने स्वच्छ. नवव्यात क्लोरॅम्फेनिकॉल, अब्जात एक.

बाईंनी त्याच बाटलीतला मध पुन्हा तपासला. पुन्हा एक. साहेबांनी रिपोर्टवर सही ठोकली आणि बंदीचं औषध म्हटल्यावर नियमाप्रमाणे लगेच अन्न-निरीक्षकाला फोन लावला.

"पकडला!" साहेब म्हणाले. "मधमाश्यांनासुद्धा सोडत नाहीत हे लोक!"

"लोकांना पोटाची काळजीच नाही," बाई म्हणाल्या आणि डोळा टिपला.

तातडीने केलेली कारवाई

संध्याकाळी पाचला बाई घरी पोचल्या तर दाराबाहेर अनोळखी बूट. वर गच्चीवर बोलण्याचे आवाज.

गच्चीवर सासऱ्यांच्या मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या. बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस गेली चार वर्षं त्या पेट्यांत जीव ओतून बसला होता. घरातली प्रत्येक बरणी, प्रत्येक बाटली, प्रत्येक टाकीचा नळ शेवटी तेच बंद करत, आणि त्यांनी बंद केलेलं उघडायला दोन माणसं लागत. आता त्यांच्यासमोर चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन एक निरीक्षक उभा होता आणि फॉर्म भरत होता.

"जप्त मालाची संख्या. माश्या किती?"

"एकेका पेटीत तीस-चाळीस हजार. पण आत्ता बऱ्याच बाहेर गेल्यात."

"बाहेर? कुठे?"

"कामाला."

"परत कधी येणार?"

"दिवेलागणीच्या आत. माझ्या मुलापेक्षा वक्तशीर आहेत."

निरीक्षकाने पेटीच्या फटीवर पट्टी लावायला हात पुढे केला. आतून गुणगुण वाढली. त्याने हात मागे घेतला, मधाच्या कपाटाला पट्टी लावली आणि संख्येच्या रकान्यात 'बऱ्याच' असं लिहिलं.

"परवा फेरतपासणीचा निकाल येईल," तो म्हणाला. "त्यातही निघालं तर मध ओतून टाकायचा आणि पेट्या जाळायच्या. माझ्या हातात काही नाही, काका."

"मी पेटीत औषध घालतो?" सासरे म्हणाले. "मी स्वतः औषध घेत नाही! डोळ्यांत थेंब घालून घेतो ते बायको खुर्चीला दाबून धरते म्हणून! कोण गाढव बसलंय हो त्या मशीनवर?"

"असं कसं म्हणता काका!" निरीक्षकाला वाईट वाटलं. "तिथे एक बाई आहेत. बावीस वर्षांत एकदा चुकलेल्या नाहीत. अब्जबाई म्हणतात त्यांना."

एक माशी येऊन चिकटपट्टीवर बसली आणि तिचे पाय अडकले.

"मागे वळून बघा," सासूबाई निरीक्षकाला म्हणाल्या. "जिन्यात उभी आहे ती."

निरीक्षक गेल्यावर बाईंनी धीर केला. "बाबा, बाटल्या तुमच्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"सुनेच्या ओळखीने रिपोर्ट मिळवला असं कोणी म्हणायला नको म्हणून. कोपऱ्यावरचा दुकानदार पन्नास बाटल्या ठेवायला तयार झाला, पण म्हणाला, तपासून आणा. त्यालाच म्हटलं, तूच पाठव." सासरे पेटीवर हात ठेवून उभे राहिले. "माहीत असतं तर वेगळा आला असता का निकाल?"

"...नसता आला."

"मग झालं तर. तू तुझं काम केलंस." आणि जिना उतरता उतरता, पाठमोरेच म्हणाले, "बत्तीस वर्षांत एक सेकंद उशिरा गेलो नाही मी ऑफिसला. तुझं मशीन म्हणतंय, गेलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन खुर्च्या लागल्या. एक रिकामी राहिली.

"मला नको," आतून आवाज आला. "या घरात औषध नको. मशीनला वास येतो."

फेरतपासणी (कोणी केली?)

मास्तरांनी. म्हणजे कागदोपत्री मास्तरांनी.

बाईंनी सकाळीच साहेबांना सांगून टाकलं, माल आमच्या घरचा निघाला. साहेब खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले. "मग तुम्ही आता हातसुद्धा लावायचा नाही. पाच फुटांवर उभं राहायचं. मास्तर करतील."

मास्तरांनी कपाटातून दुसरी बाटली काढली, सील तोडलं आणि झाकणाला हात घातला. मग दोन्ही हात घातले. मग कोमट पाणी झालं, फडकं झालं, दाराची फट झाली. मास्तरांच्या कपाळावरची शीर उभी राहिली.

"हे झाकण माणसाने लावलंय की गवंड्याने?"

पाच फुटांवर हात मागे बांधून उभ्या असलेल्या बाई तळमळत होत्या. अशी झाकणं उघडण्यात त्यांची हयात गेली होती. "असं ओढायचं नाही हो! आधी दाबायचं. आधी खाली दाबा, मग हिसका!"

"दाबतोय की!"

"तुम्ही बाटली दाबताय. झाकण दाबा!"

अर्धा तास झाला. साहेब दारात आले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, फक्त झाकण. मधाला हात लावायचा नाही."

बाई पुढे झाल्या. पोटाशी बाटली, श्वास बंद, दाब, हिसका. झाकण फिरलं. मास्तरांनी मान खाली घातली. बाईंच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. काही थेंबांच्या होत्या, काही सासऱ्यांच्या काळजीच्या. त्यांनी गॉगल वर सरकवून डोळे टिपले, सवयीने काठावरचा ओघळ बोटाने निपटला, झाकण परत टेकवलं आणि मधाला मुळीच हात न लावता बाटली मास्तरांच्या हवाली केली.

निकाल: अब्जात सव्वा.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "वाईट वाटतं, बाई. पण उद्या बारा वाजता पेट्या जाळायला लागणार."

मशीन खोटं बोलत नाही हे बाईच बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आल्या होत्या. म्हणजे बाबा खोटं बोलत होते. आणि बाबा खोटं बोलत असतील तर मग या जगात नक्की काय तपासायचं उरलं होतं? त्या तोंड धुवायला गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

मास्तरांना मात्र पेट्यांचं दुःख नव्हतं, झाकणाचं होतं. एका बाईमाणसासमोर, साहेबांदेखत, अर्धा तास! त्यांनी कपाटातून तिसरी बाटली काढली. ही वाद झाल्यावरच उघडायची असते. मास्तरांच्या मते वाद झाला होता. त्यांनी खणातून स्क्रूड्रायव्हर घेतला, झाकणाच्या मधोमध ठोकून भोक पाडलं, सुईने मध ओढला आणि मशीनमध्ये घातला. झाकणाकडे बघून म्हणाले, "बस आता बोंबलत."

अर्ध्या तासाने ते साहेबांच्या खोलीत गेले. चेहरा पांढराफटक.

"साहेब, काही नाही."

"काही नाही तर आलात कशाला?"

"तिसऱ्या बाटलीत काही नाही. शून्य. दोनदा बघितलं."

मूळ कारण

इथे फॉर्मवर तीन ओळी आहेत. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की जागा अपुरी पडल्यास मागच्या बाजूला लिहावे.

साहेबांनी तिन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या. "एकाच दिवशी भरलेला एकच मध. दोन बाटल्या घाण, एक स्वच्छ. फरक काय?"

"भोक," मास्तर म्हणाले.

"भोक सोडून!"

"झाकण. ती दोन फिरवून उघडली, ही नाही उघडली."

साहेबांचे डोळे चमकले. "झाकणं तपासा!"

फिरवून उघडलेली दोन्ही झाकणं पुसून तो कापूस तपासला. दोन्ही झाकणांवर औषध सापडलं, तेही आतून नाही, बाहेरून, भरपूर. तिसऱ्यावर अजिबात नाही.

"झाकणवाला!" साहेब ओरडले. "झाकणं बनवणाऱ्याने घोटाळा केलाय! निरीक्षकाला फोन लावा, कारखाना सील करा! बाई, तुमचे सासरे सुटले, पेट्या वाचल्या. आणि तुमची बावीस वर्षंही शाबूत. तुम्ही जे सापडलं तेच लिहिलंत."

बाई दोन झाकणांकडे बघत होत्या. साहेबांचा हात फोनवर गेला होता. आणखी दोन क्षण गप्प बसलं असतं तर सगळं जागच्या जागी बसत होतं. पेट्या, सासरे, बावीस वर्षं. फक्त कुठल्यातरी झाकणवाल्याच्या गच्चीवर उद्या एक माणूस चिकटपट्टी घेऊन उभा राहिला असता.

"साहेब, फोन ठेवा."

"का?"

"त्या दोन झाकणांवर झाकणवाल्याचं औषध नव्हतं. माझा हात होता."

त्यांनी स्वच्छ कापसाचा बोळा घेतला, डोळ्याच्या कोपऱ्यात फिरवला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो मशीनला दाखवला. पडद्यावरची रेघ वर चढायला लागली. चढली, पडद्याच्या वरच्या कडेला टेकली आणि तिथून बाहेर गेली. मशीनने लाल दिवा लावला. मग दुसरा लावला. मग घाबरून स्वतःला बंद केलं. ते धुवायला पुढचा पूर्ण दिवस गेला.

साहेब हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही डोळ्यांत काय घालता?"

"मी लेबल वाचलं होतं," बाई म्हणाल्या. "साहेब, मी लेबल वाचलं होतं हो!"

त्या दिवशी बाई चार वाजताच घरी आल्या आणि चपला न काढता स्वयंपाकघरात गेल्या.

"आई, थेंबांची बाटली."

सासूबाईंनी दिली. लेबल तेच. साधं, निरुपद्रवी.

"आई, यात काय आहे?"

"लिहिलंय की वर."

"आत काय आहे?"

सासूबाईंनी चहाचं भांडं घासायला घेतलं. ते आधीच घासलेलं होतं.

"आई."

"अगं, ते डॉक्टरचं कसलं मेलं औषध! पाणी नुसतं. तीन दिवस घातलं, झोंबायचं नाव नाही. झोंबत नाही ते डोळ्याचं औषध कसलं? आमच्या वेळी एक मिळायचं, डोळ्यात पडलं की सात पिढ्या आठवायच्या. ते आणलं मी रविवारी औषधवाल्याकडून."

"आणि ते या बाटलीत ओतलंत?"

"मग काय करू? तू मेली लेबल वाचत बसतेस. म्हणून लेबल ठेवलं तसंच. आतलं बदललं."

बाईंनी कचऱ्याच्या डब्यातून औषधवाल्याकडची रिकामी बाटली शोधून काढली. क्लोरॅम्फेनिकॉल. त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या, त्याच खुर्चीवर, आणि मनातल्या मनात आकडेमोड केली. मधात सापडलं होतं अब्जात एक. सासूबाईंच्या थेंबात होतं अब्जात पन्नास लाख.

"पण डोळे बरे होतायत ना तुझे?" सासूबाई म्हणाल्या. "सांग. होतायत ना?"

होत होते.

पुन्हा घडू नये म्हणून योजलेले उपाय

मूळ कारण म्हणून बाईंनी आधी 'सासूबाई' असं लिहिलं होतं. साहेबांनी ते तांबड्या पेनाने खोडलं. "माणूस लिहायचा नाही. पद्धत लिहायची." मग बाईंनी लिहिलं, 'लेबल व आतील द्रव यांत तफावत.' हे साहेबांना फार आवडलं.

रिपोर्ट रद्द झाला. रद्द रिपोर्टवर, बावीस वर्षांत पहिल्यांदा, 'तपासणाऱ्याची चूक' असा शिक्का पडला. निरीक्षक येऊन कपाटाची पट्टी सोडवून गेला. सोडवताना पट्टीला चिकटलेली एक माशी त्याने आपल्या पेनाच्या टोकाने अलगद सोडवली, तिने त्याला तिथल्या तिथे चावून त्याचे आभार मानले.

उपाय एकच ठरला. डोळे आलेल्या माणसाने बरं होईपर्यंत प्रयोगशाळेत यायचं नाही. तो वाचून साहेबांनी फॉर्मवरून एक डोळा वर केला. एकच, कारण दुसरा चिकटला होता. त्यांच्यामागे मास्तर गॉगल काढून भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"बाई," साहेब खासगी आवाजात म्हणाले, "ते झोंबणारं... तुमच्या सासूबाई बाहेरच्या माणसांनाही घालतात का?"

शुक्रवारी सकाळी आठला स्वयंपाकघरात पाच खुर्च्या लागल्या.

"माना वर!" सासूबाई म्हणाल्या. "साहेब असाल ऑफिसात. डोळा उघडा."

उपाय लागू पडला का? (हो / नाही. नको ते खोडा)

पुढच्या सोमवारी बाई कामावर निघाल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत सही करून द्यायचा तो फॉर्म होता. दारात सासरे उभे होते. त्या दिवसापासून ते बाईंशी फक्त 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलले होते. त्यांच्या हातात मधाच्या तीन बाटल्या होत्या.

"नवीन मध आहे. दुकानदाराला पुन्हा रिपोर्ट हवाय. नमुना तूच टाक प्रयोगशाळेत."

"बाबा, माझ्या हातून? लोक म्हणतील—"

"म्हणू देत. सगळ्या शहरात एकच तपासनीस आहे जी सासऱ्याला पकडते आणि मग स्वतःला." त्यांनी बाटल्या पिशवीत ठेवल्या. "बत्तीस वर्षांतला एक सेकंद म्हणतेस ना? सोडला. धरत नाही मी."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. टिपायला हात वर गेला आणि निम्म्यात थांबला. सासरे हसले.

"आणि हे बघ, तुझ्यासाठी मुद्दाम झाकणं सैल लावलीत. जन्मात पहिल्यांदा. एका बोटाने फिरतील."

बाई पोचल्या तेव्हा साहेब वाटच बघत होते. बाईंनी पिशवीत हात घातला. हात आत गेला, पण लवकर बाहेर येईना. शेवटी बाहेर आला तेव्हा हातात फॉर्म होता, चार घड्यांचा, सोनेरी, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घट्ट चिकटलेला.

साहेबांनी तो ओढून बघितला. बाईंनी खाली दाबून हिसका दिला. उघडेना.

पलीकडच्या टेबलावरून मास्तर उठले आणि खणातून स्क्रूड्रायव्हर काढायला लागले.